दोन शिकवण्यांच्या मधले दिवस : खाजगी संगीत शिक्षकाच्या गुणवत्तेचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

महाराष्ट्रात गाणे-बजावणे शिकणाऱ्या बहुतेकांची पहिली पायरी कोणाच्या तरी घरातल्या बाहेरच्या खोलीत असते. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या वेळी, मासिक शुल्क घेऊन आणि सर्वस्वी आपल्या जबाबदारीवर संगीत शिकवणाऱ्या व्यक्तीला प्रस्तुत लेखात खाजगी संगीत शिक्षक म्हटले आहे. शाळेतील शिक्षकाला पात्रता, नेमणूक आणि तपासणी या तिन्ही कसोट्यांतून जावे लागते. खाजगी संगीत शिक्षकाला मात्र परवाना लागत नाही, त्याचा वर्ग कोणी तपासत नाही आणि त्याच्या अध्यापनाची नोंद कोठेही होत नाही. साहजिकच त्याची पारख करण्याचा सारा भार विद्यार्थ्यावर आणि पालकांवर येतो, आणि अडचण अशी की ज्यांना संगीत येत नाही त्यांनाच संगीत शिकवणाऱ्याची निवड करावी लागते.

लोणावळ्यासारख्या गावात हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. पुण्यापासून सुमारे ६४ किलोमीटरवर, पुणे-मुंबई लोहमार्गावर वसलेल्या या गावातील कुटुंबापुढे दोन वाटा असतात : तुंगार्ली, वलवण, भांगरवाडी किंवा खंडाळा अशा जवळच्या वस्तीत कोणी शिकवत असेल तर त्याच्याकडे मुलाला घालायचे, किंवा लोकल गाडीने पुणे गाठायचे. पहिल्या वाटेत निवडीला वाव थोडा आणि दुसरीत वेळेची ओढाताण मोठी. शिवाय कोणत्याही वाटेने गेले तरी शिक्षकाचा प्रत्यक्ष सहवास आठवड्यातून तासा-दोन तासांचाच मिळतो. उरलेले दिवस विद्यार्थी एकटा असतो, आणि गळा व हात खऱ्या अर्थाने घडतात ते या दिवसांत. म्हणून चांगला खाजगी शिक्षक कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या गायनात, पदव्यांत किंवा शिष्यांच्या संख्येत शोधण्याआधी, त्याचा विद्यार्थी त्याच्या गैरहजेरीत कसा रियाज करतो यात शोधले पाहिजे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

गुरुगृह, विद्यालय आणि शिकवणी

आजचा खाजगी शिक्षक दोन वेगवेगळ्या परंपरांचा वारस आहे. पहिली परंपरा गुरुगृहाची. इचलकरंजीकर बाळकृष्णबुवा यांनी ग्वाल्हेरीस वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून मोठ्या कष्टाने विद्या मिळवली आणि ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजवली; घराणे म्हणजे आवाजाचा लगाव, रागाची मांडणी आणि लयीशी असलेले नाते यांची पिढ्यान्‌पिढ्या जपलेली विशिष्ट शिस्त. अशा गुरुगृहात शिष्य गुरूची सेवा करी, घरची कामे करी आणि मिळेल तेव्हा तालीम घेई; तालीम म्हणजे गुरूने समोर बसवून, गाऊन आणि गाऊन घेऊन दिलेले शिक्षण. या पद्धतीविषयी बोलताना सेवा, त्याग आणि निष्ठा यांवर भर दिला जातो, परंतु शिक्षणाच्या दृष्टीने तिचे खरे बळ निराळेच होते. शिष्य पहाटे खर्ज लावत असे, म्हणजे मंद्र सप्तकातील स्वरांवर आवाज स्थिर करत असे, तेव्हा तो गुरूच्या कानाच्या टप्प्यात असे, आणि आतल्या खोलीतून आलेल्या एका हुंकारानेही त्याची चूक जागच्या जागी थांबत असे.

दुसरी परंपरा विद्यालयाची. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि ठरावीक अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वरलेखन व परीक्षा यांच्या साहाय्याने संगीत सर्वसामान्य घरांपर्यंत पोहोचवले. त्यांच्या कार्यातील फारसा न सांगितला जाणारा आणि या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग म्हणजे त्यांनी चालवलेला उपदेशक वर्ग : गावोगावी जाऊन संगीत शिकवू शकतील असे शिक्षक तयार करणे हा त्याचा हेतू होता. गाणे येणे आणि गाणे शिकवता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यात गृहीत धरलेले होते. त्याच काळात विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांत बंदिस्त असलेल्या शेकडो बंदिशी, म्हणजे राग-तालात बांधलेल्या गीतरचना, जमवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धन यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षांची शिडी महाराष्ट्रातील गावागावांत पोहोचली.

खाजगी शिकवणीने या दोन्ही परंपरांतून काही घेतले आणि काही गमावले. गुरुगृहाकडून तिने समोरासमोरची तालीम घेतली, पण रियाजावरचा गुरूचा कान गमावला. विद्यालयाकडून अभ्यासक्रम व परीक्षा घेतल्या, पण सहाध्यायी, ग्रंथालय आणि शिक्षकांवर शिक्षकांचीच असलेली नजर या गोष्टी तिला मिळाल्या नाहीत. जो शिक्षक ही दुहेरी उणीव ओळखतो आणि ती भरून काढण्याचा मार्ग शोधतो, त्याच्यापासून चांगल्या अध्यापनाची सुरुवात होते.

कुंदगोळची आगगाडी आणि लोणावळ्याचे गुरुकुल

गुरूच्या घरी राहिल्याशिवाय विद्या येत नाही, हा समज इतिहासाच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. किराणा घराण्याचे गायक सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळला राहून शिकवत होते, तेव्हा भीमसेन जोशी त्यांच्या घरी राहून शिकत होते, आणि गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने ये-जा करून शिकत होत्या. संसार, मुले आणि प्रवास सांभाळणाऱ्या या शिष्येला गुरूंनी थोडाच मजकूर द्यायचा, तो पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचा आणि पक्का झाल्यावाचून पुढे सरकायचे नाही, अशी पद्धत राहिली. एकाच गुरूचे दोन शिष्य, एक निवासी आणि एक प्रवासी, आणि दोघेही किराणा घराण्याचे अग्रणी ठरले. यावरून दिसते की निवास हे साधन आहे. साध्य आहे ते घोटून पक्का केलेला स्वर. लोणावळ्याच्या आसपासच्या मावळ भागातून पुण्याला लोकलने जाणाऱ्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या शिक्षकाला या उदाहरणातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

लोणावळ्याला स्वतःचाही एक ठळक दाखला आहे. पं. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी मुंबई सोडल्यावर काही काळ लोणावळ्यात वास्तव्य केले, तेथे गुरुकुल पद्धतीने शिष्यांना विद्या दिली आणि पुढे ते पुण्याला गेले. गोव्यातील मंगेशी येथे कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या अभिषेकीबुवांनी आग्रा घराण्याचे अजमत हुसेन खाँ व जगन्नाथबुवा पुरोहित आणि जयपूर परंपरेतील गुलुभाई जसदनवाला अशा वेगवेगळ्या गुरूंकडून विद्या गोळा केली होती, आणि १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून नाट्यसंगीताला नवे वळण दिले होते. अनेक ठिकाणांहून मिळवलेली विद्या आधी आपल्या गळ्यात एकजीव करायची आणि मग प्रत्येक शिष्याला त्याच्या पिंडाप्रमाणे वाटायची, हे काम मुंबईतील मैफिलींच्या धावपळीत होणारे नव्हे. प्रभाकर कारेकर, राजा काळे, अजित कडकडे, देवकी पंडित, शौनक अभिषेकी अशा त्यांच्या शिष्यांची गायकी एकमेकांपेक्षा स्पष्टपणे वेगळी आहे, आणि हे वेगळेपण शिक्षकाच्या गुणवत्तेचा भक्कम पुरावा मानावा लागतो. कारण ज्याचे सगळे शिष्य हुबेहूब त्याच्यासारखे गातात, त्याने गायकीची नक्कल शिकवलेली असते, गायकी नव्हे.

अभिषेकीबुवांनीच संगीत दिलेले, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक विद्या नाकारणारा गुरू आणि ती मिळवण्यासाठी तळमळणारा शिष्य यांच्यातील संघर्षावर उभे आहे. विद्या हातची राखून देण्याची ही वृत्ती नाटकापुरती नव्हती. पोटापाण्याची अनिश्चितता आणि घराण्याची मक्तेदारी यांमुळे जुन्या काळात ती अनेक ठिकाणी आढळत असे. आजच्या खाजगी वर्गात ती निराळ्या रूपात दिसते : बंदिशीचे शब्द पूर्ण न सांगणे, ध्वनिमुद्रण करू न देणे, इतरांचे गाणे ऐकण्यास मनाई करणे. शिक्षकाकडे विद्येचा साठा तुटपुंजा असला की त्याला अशा कुंपणांची गरज वाटते, आणि ज्याच्याकडे देण्यासारखे भरपूर आहे तो बंदीश कोणाची, आपल्याला कोठून मिळाली, हेही मोकळेपणाने सांगतो.

थोर कलावंत आणि चांगला शिक्षक

मैफल गाजवणारा कलावंत उत्तम शिक्षक असेलच, हे गृहीतक पालकांच्या मनात खोल रुजलेले आहे. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांच्या दोन शिष्यांचे उदाहरण या बाबतीत पुष्कळ काही सांगते. केसरबाई केरकर या विसाव्या शतकातील थोर गायिकांपैकी एक, परंतु त्यांनी खऱ्या अर्थाने विद्या दिली ती धोंडूताई कुलकर्णी यांना. मोगूबाई कुर्डीकर यांनी मात्र आपली कन्या किशोरी आमोणकर यांच्यासह कमल तांबे, पद्मा तळवलकर, अरुण द्रविड अशा अनेकांना घडवले. आई स्थायी आणि अंतरा हे बंदिशीचे दोन भाग दोनदाच गात असे, तिसऱ्यांदा नाही, त्यामुळे ऐकताना सर्वस्व एकवटावे लागे, अशी आठवण किशोरीताईंनी सांगितली आहे. इतक्या शिस्तीच्या या गुरूने मुलीला अंजनीबाई मालपेकर, अन्वर हुसेन खाँ अशा अन्य गुरूंकडेही शिकू दिले. आपल्या विद्येवर निष्ठा आणि शिष्याच्या गरजेपुढे आपला मान बाजूला ठेवण्याची तयारी, हे दोन्ही गुण एकत्र असणे दुर्मीळ असते.

याउलट बी. आर. देवधर यांचे नाव मैफलीच्या गायकांत अग्रभागी घेतले जात नाही, पण मुंबईत १९२५ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या संगीत विद्यालयाने मराठी संगीतविश्वाला जे दिले ते थोड्याच मैफली देऊ शकल्या असतील. १९३६ च्या सुमारास त्यांच्याकडे कुमार गंधर्व आले, ते मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करणारा बालकलाकार म्हणून प्रसिद्ध झाल्यानंतर. अशा मुलाला आणखी नकला शिकवून टाळ्या मिळवणे सोपे होते. देवधरांनी त्याला राग म्हणजे काय, स्वरवाक्य कसे बनते, कोणता गायक कोणती गोष्ट का करतो, याचा विचार करायला शिकवले. आवाजसाधनेचाही त्यांनी मुद्दाम अभ्यास केला होता. पुढे कुमारजींनी जी स्वतंत्र गायकी निर्माण केली तिच्यात गुरूच्या गळ्याची छाया दिसत नाही, पण गुरूने लावलेली विचाराची सवय पावलोपावली जाणवते.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विविध क्षेत्रांत लौकिक मिळवलेल्या तरुणांच्या घडणीचा मागोवा घेतला आहे. त्यातील पियानोवादकांचे पहिले शिक्षक बहुधा जवळपासचे, मायाळू आणि मुलांना वाद्याची गोडी लावणारे होते. काटेकोर शिस्तीचे, वरच्या दर्जाचे शिक्षक नंतर आले. या निष्कर्षाचा अर्थ असा, की शिक्षकाची गुणवत्ता विद्यार्थ्याच्या टप्प्यावर अवलंबून असते. आठ वर्षांच्या मुलीला मनापासून गायला लावणारी आणि तिचा सूर सांभाळणारी शेजारची शिक्षिका ही तिच्यासाठी उत्तम शिक्षिका असते, आणि तीच मुलगी सोळाव्या वर्षी विलंबित ख्यालापर्यंत आली की, म्हणजे संथ लयीत रागाचा विस्तार करू लागली की, तिला अधिक अधिकारी व्यक्तीकडे स्वतःहून पाठवणे हा त्या शिक्षिकेच्या चांगुलपणाचा पुढचा टप्पा असतो.

कान, गळा आणि वाद्य

शिक्षकाच्या कौशल्याचा सर्वांत बारीक भाग तीन गोष्टींत दिसतो. पहिली गोष्ट विद्यार्थ्याची पट्टी, म्हणजे तो ज्या उंचीवरच्या स्वराला षड्ज मानून गातो ती. पुरुष शिक्षक बहुधा काळी एक किंवा पांढरी दोन अशा पट्टीत गातो, तर मुलींना व स्त्रियांना काळी चार, काळी पाच अशी पट्टी सोयीची असते. वर्ग एकत्र असला की शिक्षकाच्या किंवा बहुसंख्यांच्या पट्टीत सगळ्यांना गायला लावले जाते, आणि ज्यांना ती मानवत नाही त्यांचा आवाज दाबला तरी जातो किंवा ताणला तरी जातो. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान मुलांचा आवाज फुटतो. या काळात पट्टी खाली आणणे, तार सप्तक बंद ठेवणे, ताना थांबवणे, आणि तरीही तालाची व रागाच्या ओळखीची गोडी टिकवून ठेवणे याला मोठे कसब लागते. अनेक मुले याच वयात गाणे सोडतात, आणि त्यांतील काही जणांना तरी जाणत्या शिक्षकाने नक्कीच टिकवून ठेवले असते.

श्वास हाही गळ्याच्या शिक्षणाचाच भाग. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून प्राणायामासारख्या क्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला, आणि श्वासाकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याची शिस्त या गावाने देशाला दिली. गायनाच्या शिक्षकाने तिच्यातून घ्यावी ती ही निरीक्षणाची शिस्त : विद्यार्थी श्वास घेताना खांदे उचलतो का, शब्दाच्या मध्येच श्वास तोडतो का, तानेच्या शेवटी मान ताणतो का, हे पाहणे आणि तेवढेच दुरुस्त करणे. श्वास कोंडण्याचे अवघड प्रकार गाण्याच्या वर्गात परस्पर शिकवणे हे मात्र त्याचे काम नव्हे.

दुसरी गोष्ट हार्मोनियमचा वापर. हार्मोनियमचे स्वर समान अंतरांवर बांधलेले असल्याने रागातील स्वरांच्या सूक्ष्म जागा तिच्यावर मिळत नाहीत, मींडही निघत नाही. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे. मराठी घरांतून हार्मोनियमला मोठी प्रतिष्ठा आहे आणि साथीचे वाद्य म्हणून ती रास्तच आहे, परंतु शिक्षक विद्यार्थ्याबरोबर प्रत्येक स्वर वाजवत राहिला तर विद्यार्थ्याचा कान परावलंबी होतो. तानपुऱ्यावर, निदान विजेच्या तानपुऱ्यावर गायला लावणारा शिक्षक सुरुवातीला कठोर वाटतो, पण दोन वर्षांनी त्याचा विद्यार्थी कोणत्याही आधाराविना षड्ज लावू शकतो.

तिसरी गोष्ट वाद्यांची निगा, आणि लोणावळ्याच्या पावसात ती शिकवण्यातच मोडते. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की तबल्याची पुडी ओल धरते, ढिली पडते आणि तबला उतरतो. हार्मोनियमच्या भात्याला व सुरांना दमट हवा बाधते. मिरजेहून हौसेने आणलेल्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरील तो नाजूक उतार ज्यामुळे तारेला भरीव झंकार येतो, बिघडल्यासारखी वाटते. चांगला तबला शिक्षक विद्यार्थ्याच्या हाती हातोडी देतो, गट्टे कसे सरकवायचे, काठावर कोठे व किती हलका ठोका द्यायचा, चारही बाजूंनी सूर सारखा आला की नाही हे कसे ऐकायचे, ते दाखवतो आणि तबला उबदार, कोरड्या जागी झाकून ठेवायला सांगतो. जो विद्यार्थी सबंध पावसाळा उतरलेल्या तबल्यावर हात चालवतो, त्याचे बोल कदाचित सफाईदार होतात, पण कान बिघडतो.

रियाज शिकवणे

मुख्य मुद्दा रियाजाचा. समजा, विद्यार्थिनी यमन शिकते आहे आणि ‘नि रे ग’ ही सुरावट म्हणताना तिचा गांधार थोडा उतरतो. एक शिक्षक हार्मोनियमवर गांधार दाबून धरतो. ती त्याला आवाज मिळवते, चूक तेवढ्यापुरती सुधारते आणि पुढच्या आठवड्यात जशीच्या तशी परत येते. दुसरा शिक्षक तिला गाणे थांबवून तानपुरा ऐकायला लावतो. खर्जाची तार नीट मिळालेली असली की तिच्या झंकारातून शुद्ध गांधार आपोआप उमटतो. तो तिला ऐकू येईपर्यंत शिक्षक थांबतो. मग त्या गांधारावर आकारात, म्हणजे केवळ ‘आ’ या उच्चारात, तिला स्थिर राहायला सांगतो आणि आपण काही बोलण्याआधी, आत्ताचा स्वर बरोबर होता, चढा होता की उतरलेला, हे तिलाच विचारतो. शेवटी घरचा अभ्यास ठरवून देतो : हीच सुरावट रोज तानपुऱ्यावर दहा वेळा गायची, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची, आपणच ऐकून त्यांतील बरोबर कोणत्या ते वहीत लिहायचे आणि वही घेऊन यायचे. पुढच्या तासाला तो आधी वही पाहतो, मुद्रण ऐकतो आणि मग पुढे जातो. पहिल्या शिक्षकाने गांधार दुरुस्त केला. दुसऱ्याने गांधार ओळखणारा कान तयार केला, आणि तो कान उरलेल्या दिवसांत घरी गुरूचे काम करतो.

या पद्धतीतून रियाज शिकवण्याची काही तत्त्वे निघतात. दिलेला मजकूर थोडा असावा, कारण सहा पलटे ओझरते म्हणण्यापेक्षा एक पलटा तीन लयींत निर्दोष म्हणणे अधिक उपयोगी. पलटा म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमाची आवर्तने. कशासाठी काय करायचे, हे विद्यार्थ्याला ठाऊक असावे. वेळ मोजून ठरवलेला आणि घराच्या दिनक्रमात बसणारा असावा. शाळा, गृहपाठ आणि प्रवास यांतून वीस मिनिटेच मिळत असतील तर त्या वीस मिनिटांचा आराखडा शिक्षकाने करून द्यावा, दोन तासांचा आदर्श सांगून मुलाला अपराधी करू नये. आणि रियाजाची विचारपूस दर तासाला व्हावी, कारण ज्याची चौकशी होत नाही तो अभ्यास हळूहळू बंद पडतो. जपानी व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी यांनी आई-वडिलांना शिकवणीतच बसवले आणि रोजच्या ऐकण्यावर भर दिला, तो याच विचारातून. मराठी घरात आई किंवा आजी तासाला बसली, तिला तानपुरा लावता आला आणि मुलाने आज काय म्हणायचे हे ठाऊक असले, तरी रियाजाचे स्वरूप पालटते.

ऐकण्याच्या बाबतीत मावळाची जमीन सुपीक आहे. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीकडे जाते, आणि तिच्या काठच्या गावांतून, तसेच नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळातून भजनाची परंपरा आजही जिवंत आहे. टाळ-पखवाजाच्या गजरात वाढलेल्या मुलाला लय शिकवावी लागत नाही, आवाज मोकळा सोडण्याची भीती त्याला नसते आणि पाठांतर तर त्याच्या अंगवळणी पडलेले असते. अशा मुलाला, भजनाने तुझा गळा बिघडला, असे सांगून सुरुवात करणारा शिक्षक आयती पुंजी उधळून टाकतो. जाणता शिक्षक त्याच्या अभंगाच्या चालीतलाच राग त्याला दाखवतो, वरच्या पट्टीत ताणून गाण्याची सवय हलक्या हाताने सोडवतो आणि त्याला त्याच्या भजनी मंडळापासून तोडत नाही. पुण्यात १९५३ पासून भरणारा सवाई गंधर्व महोत्सवही लोकलच्या अंतरावर आहे, आणि विद्यार्थ्यांना मैफलीला नेणे, परतताना काय ऐकले यावर बोलणे, हे अध्यापनच आहे.

परीक्षा, शुल्क आणि विश्वास

परीक्षांविषयी टोकाची मते आढळतात, आणि दोन्हींत तथ्याचा अंश आहे. आठवड्याला एक तास शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षा दिशा देते, मुदत देते आणि परक्या परीक्षकापुढे गाण्याचा धीर देते. लहान गावातील शिक्षकाला आपले काम इतरांच्या तुलनेत कोठे आहे हे कळण्याचे ते जवळजवळ एकमेव साधन असते. परंतु दहावीच्या निकालात शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून प्रमाणपत्र हेच ध्येय होण्याचा धोका वाढला आहे. लिहून दिलेले आलाप आणि पाठ केलेल्या ताना म्हणून मध्यमा परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी त्याच रागातील अपरिचित बंदीश ऐकून राग ओळखू शकत नसेल, तर ती परीक्षा त्याच्या स्मरणशक्तीची झाली. परीक्षेचा राग परीक्षेनंतरही गायला लावणारा शिक्षक हा धोका टाळतो.

शुल्काच्या बाबतीत स्पष्टता हाच शिष्टाचार होय. महिन्याला किती तास, चुकलेला तास भरून मिळेल का, वर्ग एकट्याचा की सामूहिक, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा खर्च कोणाकडे, हे आरंभीच ठरलेले असले की गुरू-शिष्याच्या नात्यात कडवटपणा शिरत नाही. विद्येचे मोल होत नाही हे खरे असले, तरी शिक्षकाच्या वेळेचे मोल होते, आणि वेळेवर शुल्क न देणाऱ्या पालकाला शिक्षकाकडून वक्तशीरपणाची अपेक्षा करता येत नाही. याहून गंभीर बाब मुलांच्या सुरक्षिततेची आहे. बंद खोलीत, एकट्या मुलाला, अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने शिकवण्याची ही पद्धत असल्याने दार उघडे ठेवणे, पालकांना केव्हाही येऊन बसू देणे, हाताची किंवा बसण्याची ठेवण सुधारताना स्पर्श टाळणे वा आधी विचारणे, आणि अपमान वा मारझोड यांना तालमीचा भाग न मानणे, या गोष्टी गुणवत्तेच्या किमान अटी आहेत. गुरूविषयीचा आदर या अटींनी कमी होत नाही. विश्वासू शिक्षक त्या आपण होऊन पाळतो.

दूरस्थ शिकवणी

२०२० नंतर संगणकाच्या पडद्यावरून शिकवणे रूढ झाले. त्यापूर्वीही परदेशातील मराठी कुटुंबे या मार्गाने शिकत होती, आणि अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांच्यासारखे कलावंत अमेरिकेतून नव्या पिढीला शिकवत आहेत. लोणावळ्यातील विद्यार्थ्यालाही त्यामुळे दूरचा अधिकारी गुरू लाभू शकतो. या माध्यमाची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे : आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या क्षणभराच्या विलंबामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत, ठेक्यावर साथ करता येत नाही, आणि संभाषणासाठी बनवलेली प्रणाली तानपुऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून दाबून टाकते. म्हणून चांगला शिक्षक दूरस्थ तासाचा उपयोग ध्वनिमुद्रणे तपासण्यासाठी, बंदिशीचा अर्थ आणि रागाची मांडणी समजावण्यासाठी करतो, विद्यार्थ्याला त्याच्याच खोलीत तानपुरा लावायला सांगतो आणि वर्षातून काही दिवस तरी प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरतो. आरंभीच्या टप्प्यावर मात्र, जेव्हा बसणे, श्वास आणि सूर यांचा पाया घातला जातो, तेव्हा गावातील साधा पण सुरेल शिक्षक दूरच्या नामवंतापेक्षा अधिक उपयोगी ठरतो.

निष्कर्ष

या सर्व आढाव्यातून चांगल्या खाजगी संगीत शिक्षकाची काही लक्षणे हाती येतात. तो सुरेल असतो, पण त्याहून अधिक तो ऐकणारा असतो. विद्यार्थ्याच्या पट्टीत, वयात आणि संस्कारात जे आहे तेथून तो सुरुवात करतो. विद्या हातची राखत नाही आणि आपली सीमा आली की पुढचा गुरू सुचवतो. परीक्षा आणि शुल्क यांचा व्यवहार स्वच्छ ठेवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तासाभरात गाणे जितके शिकवतो तितकेच गाण्याचा अभ्यास कसा करायचा हेही शिकवतो. संगीत न जाणणाऱ्या पालकालाही हे शेवटचे लक्षण पारखता येते. शिकवणी सुरू होऊन तीन-चार महिने झाल्यावर मुलाला दोनच प्रश्न विचारावेत : या आठवड्यात घरी नेमके काय करायचे आहे, आणि ते नीट झाले हे तुला कसे कळणार. पहिल्याचे उत्तर ठाम आणि दुसऱ्याचे उत्तर ‘सर सांगतील’ किंवा ‘ताई सांगतील’ याच्या पुढचे असेल, तर तो शिक्षक सोडू नये. गाव लहान असो वा मोठे, मुलाचे संगीत योग्य हाती आहे.

पलुस्करांनी शतकापूर्वी शिक्षक घडवण्याची गरज ओळखून त्यासाठी स्वतंत्र वर्ग काढला होता. आज हजारो मुले ज्यांच्या भरवशावर स्वराशी पहिली ओळख करून घेतात, त्या घरगुती शिक्षकांना शिकवण्याची कला शिकवणारी व्यवस्था मात्र अजूनही विरळ आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी, विद्यापीठांच्या संगीत विभागांनी आणि मावळासारख्या भागातील सांस्कृतिक मंडळांनी गावोगावच्या या शिक्षकांसाठी नियमित शिबिरे भरवली, त्यांना परस्परांचे वर्ग पाहण्याची संधी दिली, आवाजाची निगा व बालशिक्षण यांचे ज्ञान त्यांच्यापर्यंत नेले, तर मराठी संगीताच्या पुढच्या पिढीसाठी याहून थेट असे दुसरे काम नसेल.